जाळी नसलेला गोलपोस्ट

नारायणगावात मी तीन वर्षं ज्यांच्याकडे भाड्याने राहिले, त्यांच्या द्राक्षबागेच्या कडेला फुटबॉलचा एक गोलपोस्ट उभा होता. एकच. समोर दुसरा नव्हता. द्राक्षाच्या मंडपाला लावतात तसलेच लोखंडी अँगल, दोन उभे, एक आडवा, दर दिवाळीला पांढरा रंग दिलेले. त्याच्यापुढे दोन-अडीच गुंठे बागायती जमीन नुसतं गवत राखून मोकळी सोडलेली. ज्या गावात माणसं बांधाची वीतभर कड रिकामी ठेवत नाहीत, तिथे हा उघड उघड वेडेपणा होता, आणि गाव तसं म्हणतही असे. पण म्हणताना गावाचा आवाज खाली यायचा. असं का, ते कळायला मला बराच वेळ लागला.

घरमालकांना सगळे अण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणे. सत्तरीच्या आसपासचा उंच माणूस, पाठ ताठ, हात अंमळ जास्तच लांब. कुठल्याही सदऱ्यात त्यांची मनगटं बाहेर राहायची.

खोली बघायला गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. गावातल्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायला नुकतीच लागले होते, आणि तीन घरमालकांनी ‘एकटी मुलगी’ म्हणून वाटेला लावल्यामुळे चांगली तापलेली होते. अण्णांनी गाव, आडनाव, लग्न यांतलं काहीच विचारलं नाही. आत जाऊन त्यांनी एक तसबीर आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

“इंग्रजीच्या मॅडम ना तुमी? मंग ह्ये वाचा.”

तसबिरीत देव नव्हता. कुठल्यातरी जुन्या इंग्रजी मासिकाचं पिवळं पडलेलं एक पान होतं. त्यावर तेलाचा मोठा डाग, खालचा कोपरा फाटलेला. मधोमध डोक्यावर टोपी, अंगात जाड लोकरी स्वेटर, गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या एका तरुणाचा फोटो. तो रुमानिया देशाचा गोलकीपर होता, गेल्या शतकाच्या सुरुवातीचा. पुण्यात कॉलेजला असताना अण्णांनी एकदा भेळ घेतली, ती या कागदात बांधून आली होती.

“भेळ खाऊन झाली,” अण्णा म्हणाले, “आन ह्ये माझ्याकडं बगत बसलं. टाकवंना.”

मी वाचू लागले. चिखलातला सामना, गोलपोस्टला जाळी नाही, चेंडू आत गेला की खांबाबाहेरून गेला यावर गोंधळ. शेवटची वाक्यं अशी होती: पंचांनी गोल दिला नाही. तेव्हा गोलकीपर स्वतः पुढे आला आणि. इथे पान फाटलेलं होतं.

“पुढं काय आसंल?” अण्णांनी विचारलं.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि डोकं तर गरमच होतं. म्हटलं, “आणि पंचांशी कडाकडा भांडला असेल.”

अण्णा खूप वेळ हसले. “पंचानं गोल दिला न्हाई तर गोलकीपर कशापायी भांडंल, मॅडम? त्याचं तर बरंच झालं की.” मग हसू आवरून म्हणाले, “त्यांनी सांगितलं आसंल, गोल झालाय म्हनून. दुसरं काय सांगाया पुढं येत्यात?” आणि दारात उभ्या असलेल्या आपल्या बायकोला, काकूंना, म्हणाले, “दे यांना खोली. भांडनारं मानूस खोटं बोलत न्हाई.”

नंतर कळलं की इंग्रजी येणाऱ्या प्रत्येक भाडेकरूला हा प्रश्न विचारला जाई. एका बँकेतल्या साहेबांनी म्हणे “आणि बेशुद्ध पडला” असं उत्तर दिलं होतं. त्यांनाही खोली मिळाली होती, पण अण्णा त्यांच्याशी बेताचंच बोलत.

त्या फोटोतल्या माणसाचं नाव पानावर स्पष्ट छापलेलं होतं. अण्णांनी ते कधी उच्चारलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत तसे ते त्याला ‘रुमानियावालं’ म्हणत, नाहीतर नुसतं ‘त्ये’. का, असं विचारल्यावर म्हणाले, “आपल्या तोंडात ते नाव वाकडं व्हनार. उगं त्यांचा अपमान कशाला करायचा?” मीही म्हणून इथे ते लिहीत नाही. काकूंचा या माणसावर चाळीस वर्षांचा राग होता. “माजा फोटो कधी काचंत घातला न्हाई,” त्या भाजी निवडताना सांगत, “आन भेळंच्या कागदाला दर सनाला हार.”

अण्णांच्या सवयी आठवायला बसले की हसू येतं आणि हसता हसता मी गप्प होते. ते कुठलीही वस्तू एका हाताने घेत नसत. चहाचा कप, किल्ली, लग्नपत्रिका, दुकानातली काडेपेटी, सगळं दोन्ही हातांनी, ओंजळ पुढे करून. नवख्या माणसाला वाटायचं किती नम्र आहेत. नम्रपणाचा काही संबंध नव्हता. “एक हात चुकला तर दुसरा पायजे,” एवढंच ते म्हणत. लग्नकार्याला गेले तर मांडवाच्या दारात बरोबर मध्ये उभे राहत आणि डावीकडे उजवीकडे नजर टाकून अंतर घेत. वाढपी त्यांना वळसा घालून जायचे.

माणसाशी बोलताना ते त्याच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. खतवाला, पुढारी, विम्याचा एजंट, कुणीही असो. मला सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं. एकदा विचारलंच. “फटका कुठं जानार ते पाय आधी सांगतो,” ते म्हणाले. “डोळं फसवत्यात, खांदं फसवत्यात. पायाला फसवता येत न्हाई.” त्यानंतर मी वर्गात एक-दोनदा गृहपाठ विसरलेल्या मुलांच्या पायांकडे बघून पाहिलं. अण्णांचं खरं होतं.

टोमॅटोच्या हंगामात ते मार्केटला गेले की हमाल त्यांची वाटच बघत असायचे. क्रेटच्या थप्पीआडून कुणीतरी एकदम पिकलेला, लालभडक टोमॅटो त्यांच्या अंगावर सणकून फेकायचा. अण्णा मान वळवायच्या आत त्यांचे हात वळलेले असत. हात पुढे जात, टोमॅटोला भेटत आणि त्याच्यासोबत मागे छातीपाशी येत. साल फुटत नसे. मी हे स्वतः पाहिलंय, एकदा नाही, सातआठदा. एकदा तर लागोपाठ दोन आले, दोन बाजूंनी. दोन्ही शाबूत. हमालांनी टाळ्या वाजवल्या आणि मला उगीचच अभिमान वाटला, मी जणू त्यांची घरचीच.

“धरायचा न्हाई,” ते मला समजावत. “धराया गेलं की फुटतो. आलाय ना आपल्याकडं, मंग त्याला घरात घ्यायचं.”

आणि रोज संध्याकाळी साडेपाचला, बागेतलं काम संपलं की, ते त्या गोलपोस्टमध्ये जाऊन उभे राहत. धोतर नाही, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, अनवाणी. समोर कुणी नाही, चेंडू नाही. गुडघ्यात किंचित वाकून, हात सैल सोडून, दहा-पंधरा मिनिटं. एके संध्याकाळी उसातून बिबट्या आला आणि गोलपोस्टच्या मागे बांधावर बसला. काकू ओसरीवरून ओरडत होत्या. अण्णा जागचे हलले नाहीत. बिबट्याच कंटाळून गेला. काकूंनी डोक्याला हात लावला तेव्हा हे शांतपणे म्हणाले, “त्यो रेषेच्या मागं व्हता. मागनं गोल व्हत न्हाई.”

हे सगळं मी वेडेपणा म्हणून मजेने बघत होते. मला पहिल्यांदा हादरवलं ते त्या जाळीच्या गोष्टीने. ती मला अण्णांनी नाही, आमच्या कॉलेजच्या म्हाताऱ्या शिपायाने सांगितली. तो तरुणपणी अण्णांच्या टीममध्ये होता.

अण्णा शिकून गावी परत आले ते फुटबॉल घेऊनच. या भागात तोवर कुस्ती आणि कबड्डी. पण त्यांनी गावोगाव हिंडून पोरं जमवली आणि काही वर्षं जुन्नर-आंबेगावच्या गावांत बाजरी निघाल्यावर रिकाम्या रानात सामने व्हायला लागले. निरगुडसरकडचे यायचे, घोडेगावच्या पुढे डोंगरातल्या आश्रमशाळेत शिकलेली पोरं यायची, ती तर अनवाणी वाऱ्यासारखी पळायची. चुन्याच्या फक्कीने रेषा मारायच्या, दोन बांबू रोवायचे, वर सुतळी बांधायची. जाळी कुणाकडेच नव्हती. त्यामुळे चेंडू बांबूच्या आतून गेला की बाहेरून, यावर दर सामन्यात भांडण. डोकी फुटायची वेळ यायची.

“अण्णाच्या गोलात मातर भांडान न्हाई,” शिपाई म्हणाला. “पंच म्हनून हुबं ऱ्हायल्यालं मास्तर शिट्टी तोंडात धरून अण्णाकडं बगायचं. अण्णा म्हनला ‘गेला’, तर गोल. म्हनला ‘भायेर’, तर भायेर. दोनी टीम गप.”

“स्वतःच्या विरुद्ध सांगायचे?”

“तर. एका सालाला बक्षिसाची ढाल गेली आमची त्याच्या पायी. आठ दिस आमी बोललो न्हाई त्याच्यासंगं. पन दुसऱ्या सालाला परत त्यालाच हुबा केला. पुढं एका गावानं जाळी इकत आनली. समद्या गोलाला लावली. अण्णा ज्या बाजूला जाईल तिथली सोडून ठेवायचं. मी इचारलं, का रं? तर म्हनत्यात, ते हायेत की, जाळी कशाला?”

मी त्या संध्याकाळी अण्णांना गोलपोस्टमध्ये उभं राहिलेलं पाहिलं आणि पहिल्यांदाच मला हसू आलं नाही. भेळेच्या कागदावरचं एक अर्धं वाक्य एका माणसाने अंगावर घेतलं होतं आणि पुरं केलं होतं. मी इंग्रजी शिकवते, वाक्यं पुरी करायला लावणं हा माझा धंदा आहे. पण असं पुरं केलेलं वाक्य मी पाहिलं नव्हतं. मला त्या माणसाची अक्षरशः भीती वाटली. देवळात गाभाऱ्याशी गेल्यावर वाटते तशी.

आता माझी एक खोड सांगायला हवी. मला अर्धवट काही राहिलेलं सोसत नाही. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत, एका रविवारी सकाळी, कुणी न सांगता मी तसबिरीतलं नाव मोबाइलवर टाकलं. त्या फाटक्या कोपऱ्यात काय होतं ते शोधून अण्णांना भेट द्यायची, असा माझा बेत होता. अण्णांकडे बटणांचा साधा फोन होता आणि मुलाला, तो पुण्यात कंपनीत होता, त्यांनी हे शोधायला कधी सांगितलं नव्हतं.

नाव सापडलं. रुमानियन भाषेतलं एक पान होतं, फोननेच त्याचं मोडकंतोडकं भाषांतर केलं. मी ओसरीवर अण्णांना वाचून दाखवलं. ते पाटावर बसून छाटणीची कात्री पुसत होते. कुठल्या शहरातल्या कुठल्या क्लबकडून तो खेळला, देशाची टीम नुकती कुठे उभी राहत होती तेव्हा तिच्यात कसा आला, परदेशी कितीदा गेला. देशासाठी खेळलेले सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. प्रत्येक सामन्यापुढे त्याच्यावर किती गोल झाले तो आकडा. आकडे काही बरे नव्हते. त्यानंतर पुढे काय झालं ते माहीत नाही, असं शेवटी लिहिलं होतं.

“बास?” अण्णांनी विचारलं.

“एवढंच आहे.”

“आन त्यांनी पुढं येऊन सांगितलं ते?”

मी पुन्हा वरपासून बघितलं. “ते नाही यात.”

कात्री पुसणं थांबलं होतं. मला वाटलं मी मोठा घोटाळा करून ठेवला. घाईघाईने म्हटलं, “लिहायचं राहिलं असेल, अण्णा. सगळंच कुठे लिहितात?”

“न्हाई, बराबर हाय,” ते म्हणाले. “गोलकीपरचं कुनी काय लिवत न्हाई, गेल्यालं गोल तेवढं लिवत्यात. परत वाचा बरं ते आकडे.”

मी वाचले. एकेक सामना, एकेक आकडा. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, “समदं लिवलंय त्यांचं. एक बी सोडला न्हाई.” आणि जरा वेळाने, त्याच आवाजात, “माजा एक लिवायचा ऱ्हायलाय, मॅडम.”

काकू आत होत्या. अण्णांनी खालच्या मानेने सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वीच्या हंगामातला शेवटचा सामना, नारायणगावच्याच रानात. समोर डोंगरातली टीम. अण्णांचे वडील पैलवान, या खेळाला ते पोरकटपणा समजत. त्या दिवशी पहिल्यांदा आले होते. त्यांना खुर्ची टाकली होती. दोन्हीकडे शून्य होतं आणि डोंगरातल्या एका लहानखुऱ्या पोराने लांबून फटका मारला. चेंडू अण्णांच्या उजव्या हाताखालून, बांबूच्या चार बोटं आतून गेला आणि मागच्या रानात जाऊन पडला. पोरगा हात वर करून नाचायला लागला. मास्तरांनी शिट्टी तोंडात धरून अण्णांकडे बघितलं.

“मी वडलांकडं बगितलं,” अण्णा म्हणाले. “आन म्हनलो, भायेर.”

त्यानंतर अण्णांच्या टीमने गोल केला आणि ढाल जिंकली. रात्री जेवताना वडील म्हणाले, पोरगं कामाचं आहे, त्याला रानात काय रोवायचं ते रोवू द्या. बागेच्या कडेची ती जमीन अशी मिळाली होती. गोलपोस्ट त्या जमिनीत उभा होता. पुढच्या वर्षी डोंगरातली टीम आली नाही, हळूहळू सामने बंद पडले, आणि अण्णांचा शब्द मात्र गावोगाव राहिला.

मला राग आला. मी तो लपवला नाही. “मग चाळीस वर्षं काय करत होतात तुम्ही?”

“रोज जायाचं ठरवायचो. रोज गोलात जाऊन हुबा ऱ्हायचो. कधी कधी फटका येतो समोरनं, दिसतो, आन पाय हलत न्हाईत, मॅडम.”

“तो माणूस आहे का अजून?”

“हाय. तिकडच्या जीपवाल्यांना दर सालाला इचारतो.”

मी स्कूटीची किल्ली घेऊन आले. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली नाही, नुसते उठले आणि आतून टोपी घालून आले. काकूंना म्हणाले, “जाऊन येतो गं.” कुठे ते सांगितलं नाही.

मंचरपर्यंत हायवेने, तिथून घोडेगाव, शिनोली, आणि पुढे भीमाशंकरच्या रस्त्यावरून डावीकडे आत. मागे बसलेले अण्णा सगळ्या वाटेत एकदाच बोलले. शिनोली सोडल्यावर म्हणाले, “हळू घ्या.” मी हळूच चालवत होते. डोंगरातल्या त्या गावात भाताची कापणी झाली होती. सगळं गाव खळ्यावर होतं. पेंढ्या झोडण्याचा आवाज लांबूनच येत होता.

तो माणूस घराच्या अंगणात पेंढ्या बांधत होता. बारीक, काटक, साठी उलटलेला. अण्णांना बघून तो उठला, डोळ्यांवर हात धरून निरखलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

“गोलकीपरभाऊ न्हवं तुमी?” तो म्हणाला. “आवं, आज कुनीकडं वाट चुकला? बसा, बसा.” आणि घोंगडी टाकत आपल्या मुलाला सांगू लागला, “ह्ये कोन हायेत म्हाईत हाय का? यांच्या गोलाला जाळी नसायची. सोताच्या टीमवरचा गोल सोता सांगायचं. आसं मानूस बगायला मिळत न्हाई.”

मी अण्णांकडे बघायचं टाळलं.

मुलगा हसत मला म्हणाला, “आमच्या तात्यांनी पन एकदा यांच्यावर गोल मारला व्हता म्हनं. निदान सुरवातीला तात्या तसं म्हनायचं. आता गावात कुनी थाप मारली की म्हनत्यात, ह्यो बी तात्याचा गोल. बारकी पोरं बी म्हनत्यात.” म्हाताराही हसला, सवयीचं हसू.

अण्णा बसले नाहीत. पाण्याचा तांब्या पुढे आला, तो त्यांनी घेतला नाही. उभ्यानेच म्हणाले, “त्यो गोल झाला व्हता.”

कुणालाच कळलं नाही.

“तुमचा गोल. आतनं गेला व्हता, बांबूच्या चार बोटं आतनं. मी भायेर म्हनलो. मी खोटं बोललो.”

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही जमिनीवर घट्ट होते.

म्हाताऱ्याने हातातल्या पेंढीला गुंडाळलेला आळा सोडवला, पुन्हा बांधला. वाटलं आता शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. तो बोलला तेव्हा आवाज अगदी साधा होता.

“मी बगितला व्हता आत जाताना. माज्या डोळ्यांनी. पन तुमी भायेर म्हनला. मंग मला वाटलं, गोलकीपरभाऊ म्हनत्यात म्हंजी भायेरच गेला आसंल. आपलीच नदर चुकली.” तो थांबला. “तवाधरनं मी माज्या नदरंवर कधी इस्वास ठेवला न्हाई, भाऊ. बैल घ्याचा झाला तरी दुसऱ्याला बगाया सांगायचो.”

अण्णांचे हात पुढे आले, ओंजळ धरावी तसे, आणि रिकामेच राहिले. मला वाटलं इथेच संपलं. जे सांगायचं ते सांगून झालं, आता चहा घेऊन निघायचं.

म्हातारा म्हणाला, “थांबा जरा.”

तो आत गेला. आतून पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याने अंगात घडीच्या रेषा उमटलेला पांढरा सदरा घातला होता, डोक्यावर धुतलेली टोपी होती, पाय धुतले होते. भाताचं कूस अजून हातांना होतं.

“आता चला खळ्यावर,” तो म्हणाला. “तिथं सांगा.”

मुलगा मध्ये पडला. “जाऊ द्या ना तात्या. म्हाताऱ्या मानसाला कशाला?”

“न्हाई, जाऊ या खळ्यावर,” अण्णा म्हणाले. “मी त्याच्यासाठीच आलोय.”

खळ्यावर तीस-चाळीस माणसं होती. झोडणी थांबली. लोकांना वाटलं कुणी साहेब आलाय, योजनेचं काहीतरी सांगणार. दोघे म्हातारे मधोमध उभे राहिले, एक उंच, एक बुटका. मी इतकी वर्षं माणसं बोलताना पाहिली, सभा पाहिल्या, आमच्या संस्थेचे अध्यक्षही पाहिले. पण ज्याच्या शब्दावर दोन तालुके उभे होते, त्याला आपला शब्द अशा भर उन्हात सगळ्यांसमोर मोडायला उभं राहिलेलं मी पुन्हा पाहिलं नाही. त्यांनी घाम पुसला नाही, आवाज चढवला नाही, वडिलांचं नाव मध्ये आणलं नाही. मला वाटलं होतं, निदान तेवढं आणतील.

“ह्यो गोल मारला कसा, ते यांनी सांगावं,” अण्णा म्हणाले. “गेला कुठं, ते मी सांगतो.”

म्हातारा खाकरला. सुरुवातीला त्याला शब्द सापडेनात. चाळीस वर्षांत त्याने ती गोष्ट कुणाला पुरी सांगितलीच नव्हती. चेंडू कुणी दिला, एकाला कसं चुकवलं, दुसरा कसा अंगावर आला, त्याने धाप लागेस्तोवर सांगितलं. रेषा कुठे होती ते पेंढीच्या टोकाने जमिनीवर काढून दाखवलं. मग उजवा पाय मागे घेतला. पोरं हसायची थांबली होती.

“आन मारला,” तो म्हणाला, आणि अण्णांकडे बघितलं.

“गेला,” अण्णा म्हणाले. “ह्या हाताखालनं गेला. चार बोटं आतनं. लई जोरात आला व्हता. मला काय सापडला न्हाई. गोल झाला व्हता, मी खोटं सांगितलं.”

म्हाताऱ्याने मान उंचावून माणसांच्या मागे बघितलं. तिथे पेंढ्यांच्या उडवीला टेकून एक म्हातारी बसली होती, सूप मांडीवर घेऊन, कान जरा जड असावेत अशी पुढे वाकलेली. त्याची बायको.

“भाऊ, परत एकदा सांगा,” तो म्हणाला. “ती मागं बसलीय. तिला आयकू आलं नसंल.”

अण्णा माणसांमधून वाट काढत मागे गेले, तिच्यासमोर उकिडवे बसले, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, मोठ्यानं.